वीतभर पाण्यात बुडालेले चौदा हजार

व्हिडिओ बघितला. तीनदा बघितला. पहिल्यांदा गाडीचा आवाज ऐकला, दुसऱ्यांदा तुझी बडबड ऐकली, तिसऱ्यांदा दोन्ही बंद करून नुसतं बघितलं. तसं तू बघायला हवं होतंस. डॅशबोर्डवर टेकवलेल्या तुझ्याच स्कॅनरच्या कोपऱ्यात एक आकडा होता. आत जाणाऱ्या हवेचं तापमान, ६४. दिसला? कसा दिसणार? तू 'सर, ऐका, ऐका' म्हणत बॉनेटकडे बोट करत होतास.

चौसष्ट डिग्रीची हवा इंजिनाच्या घशात ओततोस आणि वर मला सांगतोस, आठ-दहा बीएचपी वाढले! कुणी मोजले? कशावर? का नुसते कानाने मोजलेस?

आयटीआयला तुझ्या बॅचमध्ये टारगट पोरं कमी नव्हती. त्यांना मी दोन वर्षांत चार शब्द बोललो नसेन. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला वेळ नव्हता. तुला बोलतो, कारण तू पालथा घडा नव्हतास. फीलर गेज न लावता टॅपेटचा गॅप सांगायचास. आणि मग गेज लावून खात्री करायचास. माझं सगळं लक्ष त्या 'मग'वर होतं. बोटाला कळणारे खूप असतात लेका, कळल्यावरही गेज लावणारा शंभरात एक. तो तू होतास. तुझं ते 'मग' कुठे गहाण टाकलंस? आणि कितीला? चौदा हजारांच्या त्या चकचकीत पाईपच्या फिल्टर-किटला?

आता तुझा युक्तिवाद घेऊ. म्हणे, कंपनीचा फिल्टर इंजिनाचा गळा आवळतो. बरं. किती आवळतो? तुझ्या स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी. फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा श्वास. ६००० आरपीएमला मिनिटाला तीन हजार वेळा, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त १.२ लिटर. झाले ३,६०० लिटर. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा तू पहिल्या बाकावर होतास. एवढी हवा त्या कागदातून जाते का? डब्यात दिसतो वहीएवढा, घड्या उलगड, पंचा होतो. कंपनीतल्या माणसांना गुणाकार येत नव्हता, असं तुझं म्हणणं आहे का?

'सर, पण इथे डायनो कुठे आहे?' हे तुझं दुसरं वाक्य. ताकद मोजायचा डायनो नाही म्हणून मोजलं नाही. अरे वा! वजनकाटा नाही म्हणून बेदाणा नजरेने विकतोस का? गवंड्याच्या लेव्हलची नळी काय भावाने मिळते कवठे महांकाळात? तीस-चाळीस रुपयांत. तिचं एक टोक फिल्टरच्या पुढच्या पाईपला जोडायचं, दुसरं उघडं. मधे यू आकारात पाणी. कुणाला तरी शेजारी बसवून पाण्यावर नजर ठेवायला लावायची आणि मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिन जितक्या जोराने हवा ओढेल, तितकं दोन बाजूंच्या पाण्यात अंतर पडेल. बाहेरच्या हवेचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याची उंची. म्हणजे दहा सेंटिमीटर अंतर पडलं तर फिल्टर, डबा आणि नळी मिळून तुझी एक टक्का हवा अडवतात. बस. एवढंच गणित.

हा प्रयोग आपण केला होता. विसरलास? वर्कशॉपच्या जुन्या गाडीवर. नळी तूच धरली होतीस, आणि ओरडून सांगितलंस, 'सर, वीतभर!' वीतभर म्हणजे वीस सेंटिमीटर धर. दोन टक्के. तेही इंजिन पार टोकाला ताणलेलं असताना. याचा अर्थ काय? फिल्टर, डबा, नळी सगळं उपटून फेकून दिलंस तरी दोन टक्क्यांच्या वर काही मिळायचं नाही. तुझ्या ८३ पीएसच्या स्विफ्टवर जेमतेम पावणेदोन पीएस. ही कमाल मर्यादा झाली. तू तर सगळं फेकलंही नाहीस, दुसरा फिल्टर बसवलास. आठ-दहा कुठून आणलेस? हे तर व्याजावरचं व्याज झालं, आणि मुद्दल कुणाच्याच हातात नाही.

ते वीस सेंटिमीटरही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. एरवी रोज गाडी चालवताना थ्रॉटलची झडप किती उघडी असते? पाव? फार तर अर्धी? तेव्हा हवा झडपच अडवते. मागे फिल्टर कागदाचा असो नाहीतर सोन्याचा. म्हैसाळ योजनेचं गेट बंद असताना कालवा रुंद करून तुमच्या द्राक्षाला पाणी येतं का? तुझ्या आबांना विचार. ते हसतील, पण उत्तर बरोबर देतील.

आता तो ६४ चा आकडा. हवा तापली की पातळ होते, हे आठवीतलं पोर सांगेल. हिशोबाला २७३ मिळवायचे. तुझे झाले ३३७. त्या दुपारी बाहेर ३९ होते, तूच तक्रार करत होतास. कंपनीची नळी समोरच्या जाळीमागून गार हवा घेते. तिला पाच डिग्री जास्त धरू, ४४. म्हणजे ३१७. तीनशे सतराला तीनशे सदतीसने भाग. सहा टक्के हवा कमी. ताकद तेवढीच पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बाजूने निम्मी धरतो, तीन टक्के. फिल्टरने दिले दोन, तेही दिले असं मानून. गरमीने नेले तीन. चौदा हजार मोजून तू वर एक टक्का गमावलास. असा सौदा तासगावच्या बेदाणा बाजारात कुणी केला असता, तर अडत्याने त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

'सर, गाडी पळायला लागली की हवा थंड होते.' होते. मान्य. बॉनेटखाली वारा शिरला की आकडा उतरतो. पण पिकअपची गरज कधी पडते? नागजच्या चढाला ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे दहा मिनिटं रखडून झाल्यावर. तेव्हा बॉनेटखाली काय असतं? महाबळेश्वर?

तू हुशार आहेस म्हणून पुढचा बचाव तयार असेल: मला स्वतःला फरक जाणवला. जाणवला असेल. खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही. तू स्वतःला फसवतोस असं म्हणतो, आणि ते वाईट, कारण तिथे उलटतपासणी घ्यायला कुणी नसतं. किट बसवायच्या आधी तू गाडी कधी चालवलीस? मेच्या दुपारी. एसी चालू, शेजारी मेव्हणा, मागे बेदाण्याचे दहा बॉक्स. पंधरा किलोचा एक, म्हणजे दीड क्विंटल माल आणि वर मेव्हणा. बसवल्यावर कधी चालवलीस? पहाटे साडेपाचला. एकटा. एसी बंद, रस्ता रिकामा, हवा गार. अरे, कंपनीच्या फिल्टरलाच पहाटे साडेपाचला एकट्याने चालवून बघितलं असतंस तर तोही वाघ वाटला असता! वर्गात हेच कुणी केलं असतं, तर तूच हात वर करून म्हणाला असतास, 'सर, दोन गोष्टी एकदम बदलल्यात, हा प्रयोग नाही.' म्हणाला असतास की नाही?

उरला आवाज. त्याचं सांगतो. कंपनीच्या डब्याला एका बाजूला पोकळ पेटी असते, कधी नळीला फुगवटा असतो. ती ताकद अडवायला नसते. हवा ओढताना इंजिन जे घोरतं, ते गिळायला असते. तू ती काढलीस. इंजिन आधीही तेवढंच घोरत होतं, आता तुला ऐकू येतं. बायकोने कानातला कापूस काढला, म्हणून नवऱ्याचं घोरणं वाढलं का? कानाला जोराचा आवाज मिळाला की मन त्याचा वेग करून टाकतं. माणसाची जातच तशी आहे. म्हणून तर गेज शोधलं.

इथवर तू फक्त स्वतःला फसवत होतास. तेवढ्यावर थांबला असतास तर मी हे लिहिलंही नसतं. पण गेल्या महिन्यात कुणीतरी सांगितलं, तू आता गिऱ्हाइकांच्या गाड्यांनाही हे बसवतोस. 'मायलेज दोनने वाढतं' म्हणतोस. हे कुठे वाचलंस? अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पेट्रोल गाड्या तपासल्या. गच्च भरलेल्या फिल्टरनेसुद्धा मायलेजवर लक्षात यावा असा फरक पडला नाही, कारण ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. पिकअप मात्र पडला. मग तुंबलेल्या फिल्टरला इलाज काय? नवा कागदी फिल्टर. दोन-चारशे रुपयांचा. हे तुला माहीत आहे. माहीत असून गिऱ्हाइकाला चौदा हजारांची वाट दाखवतोस. याला आपल्याकडे काय म्हणतात, ते शिक्षकाने लिहू नये.

आणि तू विकतोस तो लाल दिव्यांचा डबा! ओबीडीच्या सॉकेटला लावायचा, दीडशे किलोमीटर गाडी चालवायची, मग म्हणे तो इंजिन 'शिकतो'. मी एक उघडून बघितला. तीन दिवे, एक बटण, एक फुटकळ चिप. गाडीच्या कॉम्प्युटरशी ज्या पिनांनी बोलतात, त्यांना वायरच जोडलेली नव्हती. मुका तो मुका, शिकणार काय? सोल्डरिंग आयर्न तुझ्या टेबलावर आहे, स्क्रू-ड्रायव्हर खिशात आहे. विकण्याआधी एक उघडून बघायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. बघितलं नाहीस, कारण आत काय असेल हे तुला आधीच कळलं होतं. खरं की नाही?

पेडल बॉक्सचंही तेच. पाय तीस टक्के दाबला की झडप साठ टक्के उघडते. गाडी उडी मारते, गिऱ्हाईक खूष. पण पूर्ण दाबल्यावर शंभरचे शंभरच.

आता रिमॅप, म्हणजे ईसीएमचा प्रोग्रॅम बदलणं. इथे तुला थोडी सूट देतो, कारण इथे सगळंच थोतांड नाही. टर्बो असलेल्या इंजिनात ताकद खरोखर वाढते. टर्बो जास्त हवा कोंबू शकतो, इंधन त्या मापाने वाढवता येतं, आणि कंपनीने टिकाऊपणासाठी थोडी जागा राखलेली असते. त्यात वीस-पंचवीस टक्के वाढ ही काही बाजारगप्पा नाही. पण विनाटर्बो पेट्रोलला काय वाढवणार? तिथे हवा जेवढी येते तेवढीच येते. स्पार्क थोडा पुढे सरकवशील, आणि आपल्या पेट्रोलवर तो सरकवला की इंजिन ठोके मारतं. चार-पाच टक्के मिळाले तर देवाला नारळ फोड. तुझी स्विफ्ट यातली कुठली? आणि तू बोर्डावर काय लिहिलंयस? 'सर्व गाड्यांचे रिमॅप.' सर्व!

डिझेलवाल्यांना तू आणखी एक कथा सांगतोस, तीही ऐकलीय. १२४८ सीसीचं तेच इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि एर्टिगामध्ये ९०, म्हणजे कंपनीने नुसता प्रोग्रॅम दाबून ठेवला. नुसता? नव्वदवाल्याचा टर्बो वेगळा होता, आतली पाती इंजिनाच्या वेगाप्रमाणे वळणारा. लोखंड बदललं तेव्हा आकडा बदलला. तू लोखंड तेच ठेवतोस आणि पेन ड्राइव्हमधून फाईल ओततोस. कुणाची फाईल? कोणत्या गाडीची? एक्झॉस्टचं तापमान बघितलंस? धूर? क्लच किती दिवस टिकेल, हे गिऱ्हाइकाला सांगितलंस? चहा येईपर्यंत रिमॅप होतो, असं अभिमानाने सांगतोस. चहा येईपर्यंत पंक्चरसुद्धा नीट निघत नाही रे.

याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो. देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांची भंगारातून केलेली छोटी जीप देशभर गाजली. दुचाकीचं इंजिन, किक मारून सुरू होणारी, पोराच्या हौसेसाठी ६०,००० रुपयांच्या आसपास खर्चून घरी घडवलेली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच सांगून टाकलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवतील. जानेवारी २०२२ मध्ये जीपच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. आता मला सांग, त्या माणसाने कधी म्हटलं का, की माझ्या जीपला इतके बीएचपी आहेत? जे केलं ते दाखवलं. किक मारली, चालली. तुझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट, स्कॅनर, हायड्रॉलिक जॅक. आणि तू न केलेलं दाखवतोस.

कायद्याचं दोन ओळींत सांगतो, तुला तेवढंच पुरे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाच, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर काय म्हटलं ते वाच, आणि १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, तेही वाच. कोणता बदल त्यात बसतो यावर तू वकिली करशील. कर. पण गाडीमालकाला आधी सांगून कर. दंड त्याच्या नावावर फाटणार, तुझ्या नाही.

मला खरा राग कशाचा आला, माहीत आहे? धुळीचा. हा दुष्काळी पट्टा. शिरढोणपासून नागज फाट्यापर्यंत उन्हाळ्यात एक फेरी मार आणि काचेवर बोट फिरव. ती धूळ म्हणजे नुसती माती नाही, तिच्यात बारीक वाळू असते, आणि वाळू बोअरच्या लोखंडापेक्षा कठीण. फिल्टर हवा देण्यासाठी असतो, हे तुला त्या किटच्या डब्यावर वाचून कळलं. फिल्टर धूळ अडवण्यासाठी असतो, हे तुला जन्मापासून माहीत आहे. कसं? आबांचा ट्रॅक्टर आठव. एअर क्लीनरची खालची वाटी काढून काळं झालेलं तेल ओतायचे, तळाचा गाळ चिंधीने पुसायचे, खुणेपर्यंत नवं तेल भरायचे. नांगरटीच्या दिवसांत तर त्यात खंड नाही. घरात साखर नसली तरी चालेल, वाटीतलं तेल चुकायचं नाही. आबांनी कधी बीएचपी हा शब्द उच्चारला नसेल. पण इंजिन कशाने मरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा पोरगा मात्र फिल्टर निवडतो रंग बघून.

तुझा तो कापडी फिल्टर वाईट आहे, असं मी म्हणत नाही. नीट धुतला, वाळवला, बेताचं तेल दिलं तर काम करतो. तू काय करतोस? कॉम्प्रेसरने फुंकतोस. झाली जाळी विरळ. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त पडलं तर ज्या गाड्यांना हवा मोजणारी तार असते, त्या तारेवर चिकट थर. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळ आणि फिल्टरच्या पुढच्या पाईपमध्ये आतून फिरव. निघाला पांढरा तर माझे शब्द परत घेतो. निघाला तांबूस, तर गिऱ्हाइकांना बोलव आणि रुमाल दाखव. दाखवशील?

वाईट वाटलं असेल. वाटू दे. पण 'सरांना नवं काही कळत नाही' असं म्हणून सुटू नकोस. नवं मला कळतं. रिमॅप शिकायचा असेल तर शीक. ज्याच्याकडे डायनो आहे त्याच्या हाताखाली सहा महिने फुकट राब, तापमान आणि हवा-इंधनाचं माप लिहून ठेवायला शीक. तुझ्या हातात ते कसब आहे. त्या पोरांत फक्त तुझ्याच हातात होतं.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. गाडीत कुणी नको, एसी बंद. आधी तुझं किट लावून नळी जोडू, स्कॅनरवर तापमान बघू, नागजच्या चढाला तीन फेऱ्या मारू. मग कंपनीचा डबा बसवून त्याच चढाला आणखी तीन. आकडे तू लिहायचे, मी वहीला हात लावणार नाही. लेव्हलची नळी माझ्याकडे आहे. येताना जुना फिल्टर बॉक्स तेवढा घेऊन ये. फेकून दिला असं सांगू नकोस. तू आयुष्यात साधा वॉशर फेकलेला नाहीस.